नृत्यलय आणि उपज : पी वी एलिस व मेसिओ पार्कर यांच्या सॅक्सोफोनवादनाचा विचार

अमेरिकन सॅक्सोफोनवादक मेसिओ पार्कर यांनी आपल्या वादनाचे घटक एका विनोदी हिशेबात सांगून ठेवले आहेत : शेकडा दोन भाग जॅझ आणि उरलेले अठ्ठ्याण्णव भाग फंक. १९९२ साली जर्मनीतील कोलोन शहरी ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या मैफलीत हा हिशेब श्रोत्यांपुढे मांडलेला आहे, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या शीर्षकातही तोच आकडा आढळतो. विनोद बाजूस ठेवला तर या हिशेबात एक शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. जॅझ ही प्रामुख्याने तत्स्फूर्त रचनेची कला. फंक ही नृत्याला ठेका पुरविणारी, अर्थात पुनरावृत्तीवर उभी असलेली कला. एकीला क्षणोक्षणी नवे काही हवे असते. दुसरीला तेच ते हवे असते, आणि त्यात केसभरही फरक पडून चालत नाही. मग एकाच वादकाच्या ठायी या दोघींचा संसार चालतो तरी कसा? उपज ठेक्यापुढे माघार घेते, की ठेकाच तिला निराळे क्षेत्र मोकळे करून देतो?

संगीताच्या पाश्चात्त्य अभ्यासकांत बराच काळ पहिले उत्तर गृहीत धरले गेले. नृत्यासाठी वाजविले जाणारे संगीत हे बुद्धीपेक्षा पायांना आवाहन करते, म्हणून ते सोपे, आणि सोपे म्हणून गौण, असा हा तर्क आहे. आपल्याकडेही ढोलकीच्या फडाविषयी अशाच स्वरूपाची मते एके काळी सुशिक्षितांकडून ऐकावयास मिळत. तेव्हा या तर्काचे आपणांस नवल वाटू नये. प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे, की फंकच्या आश्रयाला आलेल्या जॅझवादकाची उपज आटली नाही. तिचे स्थान पालटले. ‘कोणता स्वर’ या प्रश्नाऐवजी ‘तो स्वर नेमका केव्हा’ हा प्रश्न तिच्यापुढे आला. आणि या ‘केव्हा’ची नोंद ना रूढ स्वरलेखनात नीट होते, ना स्वामित्वहक्काच्या कायद्यात. त्यामुळे ही उपज करणाऱ्यांच्या पदरी कीर्ती व द्रव्य ही दोन्ही पडावी तितकी पडली नाहीत.

सॅक्सोफोन हे वाद्य मराठी श्रोत्यास अगदीच परके नाही. मुंबईतील हॉटेलांच्या व पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून, बहुतांशी गोमंतकीय वादकांच्या हातून, ते आपल्या कानी पडत आले आहे. पितळी अंग असूनही त्याच्या तोंडाशी वेताची पट्टी असते, आणि वादकाची जीभ त्या पट्टीला स्पर्श करून प्रत्येक स्वराचा आरंभ व शेवट ठरविते. हा जिभेचा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. आल्टो, टेनर व बॅरिटोन ही त्याची उत्तरोत्तर खर्जाकडे जाणारी भावंडे होत.

आता थोडे मागे जाऊ. जॅझ हा जन्मतः नृत्याचाच सोबती. १९३० नंतरच्या दशकातील मोठमोठे वाद्यवृंद नाचघरांतच वाजवीत, आणि नाचणाऱ्यांच्या संख्येवर त्यांची रोजी चाले. ही सोबत तुटण्यास सौंदर्यविषयक कारणे होती तशीच अगदी व्यावहारिक कारणेही होती. १९४४ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने, जेथे नृत्य अगर गायन चालते अशा उपाहारगृहांवर तीस टक्के कर बसविला. तो लवकरच वीस टक्क्यांवर आला, तरी ओझे राहिलेच. केवळ वाद्यसंगीत बसून ऐकविणाऱ्या जागांना तो लागू नव्हता. मालकांनी साहजिकच नाचाची जमीन काढून तेथे मेजे मांडली. त्याच सुमारास चार्ली पार्कर (मेसिओ पार्कर यांच्याशी यांचे नाते नाही) व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीबॉप नावाची अतिद्रुत, गुंतागुंतीची शैली सिद्ध केली. श्रोता खुर्चीत बसला, आणि जॅझ ऐकण्याची कला झाली. कराने बीबॉप जन्माला घातला असे कोणी म्हणू नये. परंतु त्याला जागा मिळवून देण्यात कराचा वाटा होता हे मात्र खरे.

बीबॉपमध्ये उपजेचा पाया म्हणजे स्वरसंघांची मालिका. एकाच वेळी वाजणाऱ्या तीनचार स्वरांच्या जुडग्यास कॉर्ड म्हणतात. त्यास येथे स्वरसंघ म्हणू. हे स्वरसंघ दर आवर्तनाला, कधी दर दोन मात्रांना बदलत जातात, आणि वादकाने धावता धावता प्रत्येक संघाशी जुळणारी स्वरपंक्ती रचावयाची असते. आपल्या कल्पनेने सांगावयाचे तर, दर दोन मात्रांना राग बदलावा आणि तरीही तान अखंड राहावी, असा हा प्रकार आहे. त्यात प्रावीण्य मिळविण्यास वर्षे लागतात, आणि ज्याला ते मिळाले त्याचे मोल उघड दिसते : त्याने घेतलेले स्वर कागदावर उतरविता येतात, मोजता येतात, शिकविता येतात.

याच काळी दुसरा एक प्रवाह नाचघर न सोडता वाहत राहिला. लुई जॉर्डन यांच्यासारखे आल्टोवादक लहान वृंद घेऊन कृष्णवर्णीय वस्त्यांतील नाचघरे गाजवीत होते. लायनेल हॅम्प्टन यांच्या वृंदातील टेनरवादक इलिनॉय जॅके यांनी १९४२ साली ‘फ्लाइंग होम’ या ध्वनिमुद्रिकेत केलेले एकल वादन तर इतके लोकप्रिय झाले, की पुढील वादकांना ते जवळजवळ पाठ करावे लागे. एकच स्वर आघाताआघाताने पुन्हापुन्हा वाजविणे, तो फोडणे, त्याला घोगरा करणे, ही या प्रवाहाची लक्षणे. जॅझच्या टीकाकारांनी त्याची गणना संगीतात करण्यापेक्षा कसरतीत करणे पसंत केले. वस्तुतः या दोन्ही प्रवाहांतील वादक पुष्कळदा एकच असत. रात्री पहिल्या प्रहरी पोटासाठी नाचघरात आणि उत्तररात्री मनासाठी जॅझच्या तळघरात वाजविणारे. भेद टीकाकारांच्या वहीत होता तितका वादकांच्या बोटांत नव्हता.

आल्फ्रेड एलिस अशा दुहेरी शिक्षणातून घडले. त्यांचा जन्म १९४१ साली फ्लॉरिडा राज्यातील ब्रेडन्टन येथे झाला. आईच्या दुसऱ्या विवाहानंतर कुटुंब टेक्सास राज्यातील लबक या गावी गेले. तेथेच त्यांना ‘पी वी’ हे लाडके नाव मिळाले. १९५५ साली सावत्र वडिलांची हत्या झाली आणि कुटुंबाने उत्तरेस न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर गाठले. शाळकरी वयातच ते तेथील जॅझवादकांत वाजवू लागले. १९५७ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्यांना टेनरचे थोर वादक सनी रॉलिन्स भेटले. एलिस यांनी धीर करून शिकविण्याची विनंती केली, रॉलिन्स यांनी ती मान्य केली, आणि मग हा सोळा वर्षांचा मुलगा दर आठवड्यास रॉचेस्टरहून विमानाने न्यूयॉर्कला शिकवणीसाठी जाऊ लागला. म्हणजे १९६५ साली जेव्हा एलिस गायक जेम्स ब्राउन यांच्या वृंदात दाखल झाले, तेव्हा त्यांच्या पाठीशी उच्च जॅझचे पक्के अध्ययन होते. ब्राउन यांच्या संगीताची त्यांना विशेष माहिती नव्हती. नोकरी म्हणून ते आले आणि दोनच वर्षांत वृंदाचे संचालक झाले.

मेसिओ पार्कर एक वर्ष आधी, १९६४ साली, या वृंदात आलेले. नॉर्थ कॅरोलायनातील किन्स्टन गावी १९४३ साली त्यांचा जन्म झाला. त्यांच्यावर संस्कार होता तो रे चार्ल्स यांचा व त्यांच्या वृंदातील सॅक्सोफोनवादकांचा. ब्राउन यांना खरे म्हणजे हवा होता मेसिओ यांचा ढोलवादक भाऊ मेल्विन. त्याच्या जोडीने मेसिओ यांनाही घेतले गेले. एका कलावंताची कारकीर्द धाकट्या भावाच्या पदराला धरून सुरू व्हावी, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. पुढे दोन वर्षे लष्करी सेवा बजावून मेसिओ परतले ते १९६७ साली, नेमके ‘कोल्ड स्वेट’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेळेस.

या ध्वनिमुद्रिकेकडे वळण्यापूर्वी आणखी एका रचनेचा परिचय करून घेणे अवश्य आहे. २ मार्च १९५९ रोजी माइल्स डेव्हिस यांनी न्यूयॉर्क येथे ‘सो व्हॉट’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. बीबॉपच्या धावत्या स्वरसंघांचा येथे त्यांनी त्यागच केला. बत्तीस आवर्तनांच्या या रचनेत पहिली सोळा आवर्तने डोरियन नावाच्या एकाच स्वरसप्तकात आहेत. पुढील आठ आवर्तनांत तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर सरकते. शेवटच्या आठांत पूर्ववत होते. डोरियन म्हणजे आपला काफी थाट : गंधार व निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. तेव्हा असे म्हणता येईल, की संपूर्ण रचना काफी थाटात असून मध्ये एकदा षड्जच अर्धा स्वर वर चढविला आहे. मुख्य चीज म्हणजे एक सवाल-जवाब आहे. बास हे खर्जाचे तंतुवाद्य एक वाक्य बोलते, आणि उरलेली वाद्ये दोनच स्वरसंघांनी, वरून खाली उतरत, त्यास होकार देतात. या रचनेत वादकाला संघांमागून धावावे लागत नाही. एका जागी उभे राहून विस्तार करावयास भरपूर अवकाश मिळतो. रागसंगीताच्या अभ्यासकास हे फारच परिचयाचे वाटेल.

‘कोल्ड स्वेट’ची जन्मकथा एलिस यांनी अनेकदा सांगितली आहे. एका कार्यक्रमानंतर ब्राउन यांनी त्यांना आपल्या खोलीत बोलाविले आणि तोंडाने हुंकार देत बासचा एक लयबंध सुचविला. ब्राउन यांचे संगीतशिक्षण पद्धतशीर झालेले नव्हते. त्यांचे हुंकार स्वरलिपीत आणणे हे एलिस यांचे काम. वृंद ओहायो राज्यातील सिन्सिनाटी येथे निघाला होता; बसच्या प्रवासात एलिस यांनी रचना बांधली. ती बांधताना त्यांच्या मनात ‘सो व्हॉट’ घोळत होते, आणि त्यातील दोन संघांचा होकारच त्यांनी येथे पितळी वाद्यांच्या तोंडी घातला. मे १९६७ मध्ये सिन्सिनाटीच्या किंग स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. सात मिनिटांहून अधिक लांबीची ही रचना लहान तबकडीवर दोन भागांत विभागून काढावी लागली, आणि त्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीय संगीताच्या खपाच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर गेली. त्या काळच्या जॅझमधील अतिशय चिंतनशील अशा रचनेचा एक अवयव अशा रीतीने लक्षावधी नाचणाऱ्यांच्या पायांपर्यंत पोहोचला. त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

या रचनेत स्वरसंघ जवळजवळ स्थिर आहेत : मुख्य भागात एकाच षड्जावर मुक्काम, मधल्या भागात दुसऱ्यावर, आणि पुन्हा परत. हालचाल आहे ती सारी लयीत. तेथील कारागिरी तीन अंगांनी पाहता येईल.

पहिले अंग मात्रेच्या विभागणीचे. जॅझच्या पारंपरिक स्विंग लयीत प्रत्येक मात्रा स्थूलमानाने तीन भागांत विभागली जाते. तिला आपण तिस्र जातीची म्हणू. फंकमध्ये मात्रेचे चार भाग होतात. ही चतुस्र जात. चार मात्रांच्या आवर्तनात अशी सोळा घरे तयार होतात आणि प्रत्येक घर भरावयाचे की रिकामे ठेवावयाचे, याचा निर्णय हीच रचना होय.

दुसरे अंग पहिल्या मात्रेचे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चसंगीतात व ब्लूजमध्ये टाळी पडते ती दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर. ब्राउन यांनी १९६५ च्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’पासून सर्व वृंदाचे वजन पहिल्या मात्रेवर आणले, आणि आपल्या वादकांपुढे ‘एक’चा सतत आग्रह धरला. मराठी वाचकास येथे लागलीच समेची आठवण होईल. साम्य आहे, पण ते ताणू नये. आपली सम दूर असते. त्रितालात सोळा मात्रांची वाट चालून, खालीवरून वळण घेऊन, मुखड्याच्या हातास धरून गायक तिच्यावर येतो, आणि तो येण्याचा क्षण हा सुटकेचा क्षण असतो. फंकची ‘एक’ चारचार मात्रांनी दारात उभी आहे. तिच्यावर येण्याचे कौतुक कोणास नाही. तिच्यावर सगळे एकवार भेटले की पुढच्या पंधरा घरांत ज्याने त्याने हवे तेथे जावे, अशी ती मुभा देते. आपली सम मुक्कामाची जागा आहे, तर ही निघण्याची.

तिसरे अंग वाद्यांच्या परस्परसंबंधाचे, आणि हेच सर्वांत मोलाचे. ‘कोल्ड स्वेट’मध्ये ढोलवादक क्लाइड स्टबलफील्ड चौथ्या मात्रेवर अपेक्षित असलेला आघात तेथे देत नाहीत, तो अर्ध्या मात्रेने पुढे सरकवितात. ऐकणाऱ्याचा पाय चौथ्या मात्रेवर पडतो तेव्हा खाली काहीच नसते, आणि लगेच, पाय उचलता उचलता, आघात येतो. पायरी चुकल्यासारखे वाटते आणि शरीर आपोआप पुढे लोटले जाते. नाचण्याची ऊर्मी येते ती येथून. बर्नार्ड ओडम यांचा बास आणि जिमी नोलेन यांची गिटार आपापल्या जागा निरनिराळ्या ठेवतात. नोलेन तर तारा पुऱ्या दाबीतच नाहीत, त्यामुळे स्वराऐवजी खरडल्यासारखा कोरडा ध्वनी निघतो आणि गिटारच तालवाद्य बनते. कोणाचाही भाग एकटा वाजविला तर तो तुटका व अपुरा वाटेल. एकाच्या मौनात दुसऱ्याचे बोलणे बसविलेले आहे. अशा विणीला वादकांच्या भाषेत ग्रूव्ह म्हणतात. आणि आपण त्यास केवळ ठेका म्हणू लागलो तर अर्धा अर्थ निसटून जाईल.

आता या विणीत एकल वादकाने उभे राहावयाचे. ‘कोल्ड स्वेट’मध्ये ब्राउन गाता गाता मेसिओ यांना नावाने पुकारतात आणि ते टेनरवर वाजवू लागतात. बीबॉपच्या कसोटीवर या वादनात फारसे काही सापडणार नाही. स्वर थोडे, पंक्ती तोकड्या. एखादी दोनतीन स्वरांची आकृती घ्यावी, ती पुन्हा म्हणावी, तिसऱ्यांदा म्हणताना तिचा शेवट कापावा, असा क्रम. पण ऐकताना स्वरांऐवजी सोळा घरांकडे लक्ष द्यावे. एकच आकृती आधी पहिल्या मात्रेनंतरच्या घरात सुरू होते, पुढच्या खेपेस एक घर उशिरा. ढोलाने रिकामी ठेवलेली जागा सॅक्सोफोन कधी भरतो, कधी मुद्दाम तशीच राहू देतो. आणि प्रत्येक स्वर जिभेने तोडलेला आहे. स्वराचा आरंभ जितका नेमका, तितकाच शेवटही. जणू ढोलावर पडलेली काठी लागलीच उचलली जावी. सॅक्सोफोन हे वस्तुतः लांब श्वासाचे, गाणारे वाद्य. मेसिओ यांनी त्याला बोल शिकविले.

आपल्याकडील एक दृष्टान्त येथे उपयोगी पडेल. स्वतंत्र तबलावादनात सारंगी वा पेटी एकच लेहरा आवर्तनामागून आवर्तन वाजवीत राहते. लेहऱ्यात उपज नसते, आणि कोणी ती अपेक्षीतही नाही. त्या अचल रेघेमुळेच तबलजीच्या लयकारीचे माप घेता येते. ‘कोल्ड स्वेट’मधील स्थिर स्वरसंघ हे लेहऱ्याचे काम करतात. फरक इतकाच, की येथे लयकारी करणाऱ्याच्या हातात तबला नसून सूर देणारे वाद्य आहे, आणि लेहराही स्वतः लयीने गजबजलेला आहे. म्हणून सूरवाद्यवाल्याला तबलजीची बुद्धी कमवावी लागते. रॉलिन्स यांच्याकडे शिकलेल्या एलिस यांना हे आधीच अंगवळणी पडले असावे. कारण रॉलिन्स यांच्या वादनाची ख्याती एक लहानशी आकृती घेऊन ती लयीच्या निरनिराळ्या कोनांतून पाहण्याबद्दलच आहे.

याचा अर्थ फंकचा वृंद म्हणजे स्वातंत्र्याचे माहेरघर होते असा मुळीच नव्हे. ब्राउन यांची शिस्त कुप्रसिद्ध होती. चुकीचा स्वर, मळके बूट, उशिरा येणे यांबद्दल वादकांच्या वेतनातून दंड कापला जाई. रंगमंचावर नाचता नाचता हाताच्या बोटांनी ते दंडाची रक्कम दाखवीत आणि श्रोत्यांना तो नृत्याचाच भाग वाटे. उपज होती ती परवानगीची उपज : नाव पुकारले की सुरू, खूण झाली की बंद. पूर्ण स्वायत्ततेची सवय झालेल्या जॅझवादकास हे जाचक वाटावे हे उघड आहे. एलिस १९६९ साली बाहेर पडले. मार्च १९७० मध्ये मेसिओ यांच्यासह जवळजवळ सगळा वृंदच निघून गेला आणि ब्राउन यांना सिन्सिनाटीतील कोवळ्या पोरांना हाताशी धरून काम चालवावे लागले.

जॅझच्या बाजूनेही याच वर्षांत अनेकजण नाचघराकडे वळत होते. चार्ली पार्कर यांच्या परंपरेत वाढलेले आल्टोवादक लू डोनाल्डसन यांनी एप्रिल १९६७ मध्ये ‘ॲलिगेटर बूगलू’ ध्वनिमुद्रित केले. एडी हॅरिस यांनी सॅक्सोफोनला विजेची जोड देऊन पाहिली. ग्रोव्हर वॉशिंग्टन यांचे ‘मिस्टर मॅजिक’ १९७५ साली आले. टीकाकारांनी या सर्वांवर बाजारूपणाचा आरोप सरसकट केला. काही बाबतींत तो खरा होता. ठेका जेव्हा नुसती बैठक होतो, वरचा वादक त्याच्याशी बोलत नाही आणि गोड स्वर पसरीत बसतो, तेव्हा निपजणारे संगीत पुढील दशकांत उपाहारगृहांची पार्श्वभूमी होऊन राहिले. परंतु डोनाल्डसन यांच्या त्या ध्वनिमुद्रिकेत न्यू ऑर्लिन्सचे ढोलवादक लिओ मॉरिस, जे पुढे इद्रिस मुहम्मद या नावाने प्रसिद्ध झाले, त्यांच्याशी सॅक्सोफोनची जी कुजबूज चालते, ती ऐकल्यावर तरी हा आरोप सरसकट करणे कठीण जाईल.

अटलांटिकच्या पलीकडेही ही कल्पना गेली, किंवा घरी परतली म्हणा. कॅमेरूनचे सॅक्सोफोनवादक मनू दिबांगो यांनी १९७२ साली दुआला शहरातील माकोसा या नृत्यलयीस फंकची विण देऊन ‘सोल माकोसा’ काढले. आफ्रिका चषकाच्या फुटबॉल सामन्यांसाठी केलेल्या गीताच्या तबकडीची ती दुसरी बाजू होती. नायजेरियात फेला कुटी यांनी याच सुमारास आपली दीर्घ, एका स्वरसंघावर तासाच्या हिशेबाने चालणारी शैली घडविली. तिचा विचार स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता ‘केव्हा’ची नोंद होत नाही, याचा परिणाम काय तो पाहू. एलिस सुदैवी, कारण ‘कोल्ड स्वेट’च्या रचनाकारांत ब्राउन यांच्याबरोबर त्यांचेही नाव लागले : पितळी वाद्यांची स्वरपंक्ती ही कागदावर लिहिता येणारी वस्तू होती. स्टबलफील्ड यांचे तसे नव्हे. २० नोव्हेंबर १९६९ रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘फंकी ड्रमर’मध्ये सॅक्सोफोनचे वादन संपल्यावर काही आवर्तने फक्त ढोल वाजतो. १९८० नंतरच्या दशकात ध्वनीचा तुकडा कापून नव्या रचनेत बसविण्याचे यंत्र हाती आले, तेव्हा ही काही सेकंदांची आवर्तने शेकडो गीतांचा पाया झाली. पब्लिक एनिमी या गटाचे १९८९ चे ‘फाइट द पॉवर’ हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. अमेरिकन व्यवहारात रचना म्हणजे मुख्यत्वे स्वरावली व शब्द; ढोलाचा लयबंध हा ‘वादन’ समजला जातो, आणि वादनाचे वेतन एकदा दिले की संपले. रचनेचे श्रेय ब्राउन यांच्या नावे होते. त्या तुकड्यांच्या उत्पन्नातून स्टबलफील्ड यांच्या हाती जवळजवळ काहीच आले नाही. ते विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे स्थायिक होऊन तेथल्या लहानसहान जागी वाजवीत राहिले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये वारले. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर सन्माननीय डॉक्टरेट दिली.

मेसिओ यांचीही स्थिती काहीशी अशीच. त्यांचे सॅक्सोफोनचे तुकडेही कापून वापरले गेले. स्वर लिहून काढले तर ती अवघी दोनतीन अक्षरे. त्यांच्यावर मालकी सांगावयाची ती कशाच्या आधारे? जी गोष्ट त्या तुकड्याला मोलाची करते, ती म्हणजे त्यांचे त्या घरात, त्या तोडीने, ढोलाच्या त्या रिकाम्या जागेत असणे. छापील स्वरलिपी आवर्तनाचा सोळावा अंश दाखविते. त्या अंशाच्या आत स्वर किंचित मागे रेलला आहे की पुढे झुकला आहे, हे ती दाखवीत नाही. आपली भातखंडे वा पलुसकर पद्धतीची लिपीही येथे हात टेकते. पण आपल्याकडे हे ज्ञान लिपीवर कधीच सोपविलेले नव्हते. ते हातावर टाळी देत गुरुमुखातून आले. ब्राउन यांचे हुंकार आणि आपली पढंत यांत या दृष्टीने पुष्कळ जवळीक आहे.

वृंद सोडल्यावर एलिस यांनी अनेक गायकांसाठी संयोजन केले, १९७९ पासून व्हॅन मॉरिसन यांच्याबरोबर दीर्घकाळ काम केले, आणि पुढे इंग्लंडमधील फ्रोम या गावी ते राहू लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. ब्राउन यांच्या १९६९ च्या एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूस टाकलेली त्यांची ‘द चिकन’ ही लहान वाद्यरचना मात्र बासवादक जॅको पॅस्टोरियस यांच्यामुळे जॅझच्या विद्यार्थ्यांच्या नित्यपाठात गेली. तिच्यात ठेका फंकचा आहे आणि स्वरसंघ मात्र ब्लूजच्या धर्तीने चालते आहेत. म्हणजे ‘कोणता’ आणि ‘केव्हा’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदमच द्यावी लागतात. नवशिक्यांची येथे जी तारांबळ उडते ती बहुधा दुसऱ्या प्रश्नापाशी.

१९९० च्या सुमारास मेसिओ, एलिस आणि ट्राँबोनवादक फ्रेड वेस्ली हे तिघे पुन्हा एकत्र आले. आरंभी उल्लेखिलेल्या कोलोनच्या मैफलीत हे तिघे आहेत. खर्जाचे काम बहुतांशी लॅरी गोल्डिंग्ज यांच्या ऑर्गनवर सोपविले आहे, जशी जॅझमधील ऑर्गनवाद्यांच्या लहान मेळांत १९५० नंतर रीत होती. फंकचा अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा सारा डोलारा अशा रीतीने एका जॅझवादकाच्या हातापायांवर उभा आहे. ‘पास द पीज’ ही रचना ऐकावी. मेसिओ आल्टोवर सुरुवात करतात, आणि पहिल्या आवर्तनांत त्यांच्या स्वरांइतकेच लक्ष त्यांनी मध्ये सोडलेल्या जागांकडे द्यावे. त्या जागांत केनवुड डेनार्ड यांचा ढोल काय उत्तर देतो ते मग आपोआप ऐकू येऊ लागते.